अस्वलाची टोपी

मामा दारात दिसले की आमच्या इमारतीतल्या बायका आधी अंगावरची शाल काढून आत ठेवत आणि मगच 'या मामा' म्हणत. त्याला कारण होते. मामांच्या शर्टाच्या खिशात कायम काडेपेटी असे, आणि ते विडी-सिगारेट काहीही ओढत नसत.

मामा कुवेतमध्ये युनिफॉर्म पुरवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. हॉटेलांचे दरवान, इमारतींचे रखवालदार, शाळांची बँडपथके, सगळ्यांचे कपडे त्यांच्या गोदामातून जात. गोदाम शहराबाहेर अम्गऱ्याला, भंगारवाल्यांच्या मागे. कापडाचा गठ्ठा आला की मामा त्यातला एक धागा उपसत, चिमट्यात धरत आणि त्याला काडी लावत. कागदासारखा जळून राख झाली तर सुती. केस जळल्याचा वास आला तर लोकर किंवा रेशीम. आकसून वितळला आणि टोकाला काळी, कडक गोळी झाली तर नायलॉनच्या जातीचा. 'माणूस खोटं बोलतो, लेबल खोटं बोलतं, जळता धागा बोलत नाही,' हे त्यांचे ठरलेले वाक्य होते.

अडचण एवढीच, की ही परीक्षा गोदामापुरती राहिली नाही. सालमिया भागातल्या आमच्या इमारतीत चार-पाच मराठी कुटुंबे होती. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मामा तिळगूळ घ्यायला म्हणून डोकावले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या खांद्याकडे बघत राहिले.

"वहिनी, शाल कुठली?"

"काश्मीरची, मामा. सासूबाईंनी दिलीय. अस्सल पश्मिना."

"एक दशी घेऊ?"

बिचाऱ्या वहिनी 'घ्या की' म्हणाल्या. त्यांना वाटले मामांना नमुना हवा आहे. मामांनी तिथेच, वाणाच्या ताटाशेजारी, काडी ओढली. दशी आकसली आणि गोळी झाली. मामांनी ती गोळी अंगठ्याच्या नखाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "काश्मीरची नाही, वहिनी. इथलीच आहे. तेलाच्या विहिरीतून आलेली."

त्या वहिनींनी पुढे दोन वर्षे सासूबाईंना आणि मामांना सारख्याच थंडपणाने वागवले.

आमच्या घरावर मामांचा हक्क जास्त होता. माझ्या बायकोचे माहेर आणि त्यांचे गाव यांच्यामध्ये रायगडातली एकच खाडी आहे. तेवढ्यावर ते तिचे मामा झाले आणि मी न विचारता जावईबापू झालो. लग्नात सासऱ्यांनी मला एक सूट शिवून दिला होता, 'प्युअर वूल' म्हणून. मामांनी त्याचाही धागा जाळला. गोळी बघून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, सासऱ्यांना माफ करा. त्यांना तीन मुली होत्या." बायकोच्या पैठणीतून मात्र केस जळल्याचा झक्क वास आला. मामा इतके खूश झाले, की जेवायला थांबले.

मी क्वांटिटी सर्व्हेअर आहे. साध्या भाषेत, कोणत्या इमारतीला किती विटा आणि किती सिमेंट लागेल ते मोजणारा माणूस. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, जाळल्याशिवाय मामांना पडत नसे. त्यामुळे आमचे जमले.

मामा दिसायला आडवे, बुटके, आणि मिशा खाली वळलेल्या. कुवेतमध्ये थंडी म्हणावी असे थोडेच आठवडे असतात, पण त्या आठवड्यांसाठी त्यांच्याकडे एक जाडजूड, केसाळ, काळपट ओव्हरकोट होता. त्या कापडाला कापडवाले 'बेअरस्किन' म्हणतात. अस्वलाशी त्याचा काही संबंध नाही. जाड लोकर विणून वरचे केस पिंजून उभे केलेले असतात, एवढेच. हे मामा स्वतःच, न विचारता, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या कोणालाही सांगत. "बेअरस्किन तीन. एक अस्वलाचं कातडं. दोन, त्या कातड्याची उंच टोपी, परदेशातले पलटणवाले समारंभाला घालतात ती. आणि तीन, हे कापड." मग थोडे थांबून म्हणत, "माझ्याकडे दोन आहेत."

कंपनीचा कुवेती मालक रुमैथियाला राहत असे. त्याच्या घरी कागदांवर सह्या घ्यायला मामा हा कोट घालून गेले, तेव्हा दिवाणखान्यातली नातवंडे किंचाळत आत पळाली. तेव्हापासून मालक त्यांना 'अबू दुब' म्हणू लागला. अरबीत दुब म्हणजे अस्वल, अबू दुब म्हणजे अस्वलवाला. मामांना राग वगैरे आला नाही. फोन उचलला की ते स्वतःच 'अबू दुब बोलतोय' म्हणत.

दुसरी बेअरस्किन म्हणजे टोपी. समुद्राकाठच्या एका नव्या हॉटेलाला वाटले, की दारावरचे दरवान त्या पलटणीसारखे दिसले तर शोभा येईल. लाल डगला आणि डोक्यावर काळी, केसाळ, टोपलीएवढी टोपी. मामांच्या कंपनीने परदेशातून एक नमुना मागवला आणि त्यावरून नायलॉनच्या टोप्या करून घेतल्या. हॉटेल उघडले मे महिन्यात. हौशी मंडळींनी पहिल्या दिवशी फोटो काढले, दुसऱ्या दिवशी एक दरवान पाहुण्यांच्या गाडीचे दार उघडता उघडता आडवा झाला. त्याला सावलीत नेले, पाणी पाजले, तो शुद्धीवर आला, आणि आधी टोपी काढून लांब फेकली म्हणतात. सगळ्या टोप्या गोदामात परत आल्या. एकाच पोत्यात, नमुनाही त्यातच.

मालक म्हणाला, फेकून द्या. मामांनी पोते उघडले, डोळे मिटले, एकेका टोपीवरून हात फिरवला आणि एक बाजूला काढली. "हीच नमुन्याची. खऱ्या अस्वलाची." मालकाने 'घेऊन जा, अबू दुब, खलास' म्हणून विषय संपवला.

ती टोपी मामांच्या खोलीत फ्रिजवर, उलट्या पातेल्यावर बसवलेली असे. मी टेप लावून पाहिली होती. पुढून दीड फूट उंच. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाऊण किलोच्या आत. मापे घेऊन झाल्यावर मी साहजिकच विचारले, "मामा, हिला काडी लावली?"

"नाही."

"का?"

"जावईबापू, घरच्या माणसाची अग्निपरीक्षा घेऊ नये. ज्यांनी घेतली त्यांचं पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे."

"पण हात लावून अस्वल कसं कळलं?"

"मऊ होती. बाकीच्या टोप्यांपेक्षा मऊ."

"अस्वलाचा केस मऊ असतो?"

"तिकडच्या अस्वलाचा असणार. थंडीतलं अस्वल आहे ते." एवढे बोलून त्यांनी विषय बदलला.

आता ताइतांचे सांगायला हवे. आमची मुलगी पाच वर्षांची असताना इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली आणि ती आत अडकली. फार वेळ नाही, पण त्यानंतर ती लिफ्टमध्ये पाऊल टाकेना. आम्ही सहाव्या मजल्यावर. मी तिला रोज कडेवर घेऊन चढत होतो आणि माझे गुडघे तक्रार करत होते. मामांनी हे जिन्यात पाहिले. म्हणाले, "आमच्या गावात दरवेशी यायचा. अस्वल घेऊन. घाबरट पोरांना अस्वलाच्या पाठीवर बसवायचं आणि त्याचा केस ताइतात घालून गळ्यात बांधायचा. भीती खलास."

त्यांनी चिमट्याने टोपीच्या मागच्या बाजूचे चार केस उपटले, एका चांदीच्या पेटीत घातले आणि काळ्या दोऱ्यात ओवून मुलीच्या गळ्यात बांधले. दुसऱ्या दिवशी ती ताईत मुठीत धरून लिफ्टने वर आली. त्याच आठवड्यात लिफ्टची दुरुस्तीही झाली होती आणि आत नवा दिवा बसला होता. बायको म्हणाली, "दिव्याचं नाव काढू नका." मी काढले नाही.

बातमी सालमियाभर पसरली. कोणाचे पोर शाळेच्या बसला घाबरे, कोणाचे झोपेत दचके, एकाला मिक्सरच्या आवाजाची भीती. आया यायच्या, मामा चिमटा काढून टोपीकडे वळायचे. काही देऊ केले तर रागवायचे. "अस्वलानं मागितलं नाही, मी कोण घेणारा?" आठ-नऊ वर्षे असे चालल्यावर टोपीच्या मागे पुरीएवढे टक्कल पडले. मामांनी ती बाजू भिंतीकडे केली.

मग मामांची नोकरी संपली. वय झाले, व्हिसा पुढे वाढणार नव्हता. ते कायमचे गावी निघाले. कोट देऊन टाकला, भांडी वाटली, फ्रिज बॅचलर पोरांच्या एका खोलीत गेला. राहिली टोपी. ती कशात भरायची, हे विचारायला ते माझ्याकडे आले, कारण मापे माझ्याकडे होती.

मी म्हणालो, "मामा, ही नेता येणार नाही. अस्वल संरक्षित प्राणी आहे. त्याचं कातडं परवान्याशिवाय एका देशातून दुसऱ्या देशात नेणं गुन्हा आहे. मी वाचलंय."

"ही टोपी आहे."

"कातड्याची आहे. तुम्हीच सगळ्यांना सांगता."

ते सोफ्यावर बसले. नंतर म्हणाले, "आणि नायलॉनची असली तर?"

"तर खुशाल न्या. कोणी विचारणार नाही."

"म्हणजे खोटी निघाली तर माझी, आणि खरी निघाली तर इथंच टाकायची. हा कुठला न्याय, जावईबापू?"

"न्यायाचं मला माहीत नाही. नियम असा आहे."

बायको चहा घेऊन आली. तिने मला डोळ्यांनी गप्प केले आणि मामांना विचारले, "एवढी कशाला हवीय, मामा? गावात कोण घालणारे?"

तेव्हा मामांनी आक्काचे सांगितले. आक्का त्यांची थोरली बहीण. लग्न होऊन गावातच राहिलेली, आता विधवा, आणि अलीकडे डोळ्यांनी दिसेनासे झालेले. लहानपणी दरवेशी आला तेव्हा आक्का म्हणे अस्वलाच्या पाठीवर बसली, आणि मामा आजीच्या लुगड्यामागे लपले. त्या दिवसापासून आक्का त्यांना 'भित्रा' म्हणते. लग्नात म्हणाली. कुवेतला निघाले तेव्हा, 'भित्रा विमानात बसणार म्हणे' असे सगळ्या आळीला ऐकवले. अजून फोनवर 'काय रे भित्र्या' हीच सुरुवात.

"मी तिला कबूल केलंय," मामा म्हणाले, "येईन तेव्हा अस्वल डोक्यावर घेऊन येईन. तिला दिसत नाही. पण हातानं कळेल. ती बसलीय ना त्याच्यावर." मग कपाकडे बघत म्हणाले, "नायलॉन नेलं तर हात लावताच ओळखेल. भित्रा तर आहेच, वर लबाड होईन."

काडेपेटी त्यांच्या खिशात होती, ते आम्हा तिघांनाही दिसत होते.

दोन दिवसांनी संध्याकाळी ते टोपी घेऊन आले. स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली, तोंड भिंतीकडे, टक्कल आमच्याकडे. मुलगी तोपर्यंत चौदा वर्षांची झाली होती. ती मोबाइल घेऊन दारात उभी राहिली.

"व्हिडिओ काढू नकोस," बायको म्हणाली.

"आय वॉजंट गोइंग टू," ती म्हणाली आणि मोबाइल खिशात ठेवला.

मामांनी एक केस उपटला. चिमट्यात धरला. काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली, तीही विझली. ज्या माणसाने अर्ध्या सालमियाच्या शाली न डगमगता जाळल्या, त्याच्या हातात काडी टिकेना. मी एक्झॉस्ट पंखा बंद केला.

तिसरी काडी लागली. केस आकसला, वळला आणि टोकाला गोळी झाली.

मामांनी गोळी थंड होऊ दिली, नखाने दाबली, आणि दुसरा केस घेतला, वरच्या बाजूचा. तिसरा कडेचा. तीन गोळ्या ओट्यावर ओळीने ठेवल्या. मग टोपी उचलून काखेत घेतली आणि म्हणाले, "चला, परवान्याचा प्रश्न मिटला."

मुलगी म्हणाली, "म्हणजे माझ्या ताइतात नायलॉन होतं? अख्खा वेळ?"

"हो बाळा."

"बट आय टुक द लिफ्ट."

"लिफ्टमध्ये दिवा लावला होता," मामा म्हणाले. "मला माहीत होतं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक काम काढले, जे दुसऱ्या कोणी काढले नसते. ज्यांना ज्यांना केस दिले होते, त्यांच्या दारी जाऊन सांगायला सुरुवात केली, की केस नायलॉनचा निघाला, माफी असावी. मी म्हटले, "मामा, कशाला? पोरं मोठी झाली." ते म्हणाले, "मी लोकांच्या सासवांना सोडलं नाही, स्वतःला कसा सोडू?" काही घरे एव्हाना कॅनडाला गेली होती, त्यांना फोन केले. बहुतेक जण हसले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या वहिनी तर पोटभर हसल्या आणि मामांना बळेच जेवायला बसवले. एक आई मात्र दारातच हात जोडून म्हणाली, "मामा, हळू बोला. परवा त्याचा फिजिक्सचा पेपर आहे. सोमवारी सांगा." मामा सोमवारी पुन्हा गेले.

टोपीचे खोके हातातल्या सामानात बसेना. मी तीनदा मोजले, बसेना. शेवटी मी म्हणालो, डोक्यावर घातलेल्या टोपीला कोणी माप लावत नाही. जूनच्या उन्हात मामा विमानतळावर गाडीतून उतरले ते ती टोपी घालून. मुळात ते बुटके, त्यात दीड फुटाची भर. रांगेतली लहान मुले वळून बघत होती. तपासणीवरच्या कुवेती पोराने विचारले, "शिनू हाज़ा?" म्हणजे, हे काय आहे?

"नायलॉन," मामा मान ताठ ठेवून म्हणाले.

त्यांचा फोन आला तो आठवड्याने. मी ऑफिसमधून बाहेर येऊन घेतला. ते हळू आवाजात बोलत होते. म्हणाले, अंगणात उभा आहे, आक्का आत आहे.

"मग? आक्कांनी ओळखलं?"

"तिच्या हातात दिली. म्हटलं, आक्का, अस्वल आणलंय. तिनं दोन्ही हात फिरवले. वर, खाली, मागं टकलावरून."

"आणि?"

"म्हणाली, हेच ते. अस्संच मऊ होतं रे."

मला बरे वाटले. म्हणालो, "सुटलात, मामा."

"ऐका तर. जावईबापू, त्या दिवशी मी आजीच्या मागं लपलो होतो ना, तेव्हा ते अस्वल जाता जाता माझ्या पोटरीला घासून गेलं. मी कोणाला सांगितलं नाही. सांगून कोण ऐकणार, मी भित्रा. पण तो केस मला अजून आठवतो. सुंभासारखा होता. खरखरीत. दोन दिवस पोटरी खाजत होती."

मी गणित मांडायला लागलो. फार वेळ लागला नाही.

"म्हणजे आक्का बसल्याच नव्हत्या?"

"ती हातसुद्धा लावायला गेली नसेल," मामा म्हणाले. "ती तेव्हा कुठं होती, मला आता आठवेना. मी डोळे मिटले होते."

"मग? बोललात त्यांना?"

आतून कोणीतरी हाक मारली. बाईचा आवाज, म्हातारा पण खणखणीत. "ए भित्र्या, उन्हात काय करतोस? आत ये. आणि हे तुझं अस्वल माझ्या उशाशी ठेव, मांजर खेळतंय त्याच्याशी."

"आलो आक्का," मामांनी ओरडून उत्तर दिले. मग मला म्हणाले, "म्हणू दे. तिच्याएवढं मला आता कोण ओळखतंय," आणि फोन ठेवला.